मिठागराचं माप

"मापं पालथी ठेवली की शेठच्या पोटात दुखतं! इकायचीच हायेत ना?" काउंटरमागे पुतळाबाई स्वतःशीच पुटपुटली.

संघमित्रानं ऐकलं, पण तसं दाखवलं नाही. वाशीत तिची खाजगी तपासाची कचेरी होती. सोबतीला अरविंदराव, निवृत्त कारकून. त्यांना प्रश्न पडायचे, पण पाच मिनिटं उशिरा.

तळवलीचं मिठागर संग्रहालय म्हणजे धनाजीशेठनी दिलेल्या दोन खोल्या. एकीत वस्तू, दुसरीत दुकान. दुकानातल्या मिठाच्या पुरचुंड्या आणि लाकडी मापं विकून पहिली खोली तगून होती. आज तिथलं काचेचं कपाट रिकामं होतं. मिठागरावरचं अस्सल माप गायब! आणि उद्या तीन शाळांची मुलं येणार होती, त्याच मापानं मीठ मोजून पुरचुंड्या भरायला.

"सगली माज्याकडं बघतात, ताई," पुतळाबाई म्हणाली. "बारा वर्सं दुकान चालवलं. चोर म्हनून नाय जानार मी हितून. त्यासाठीच तुमाला बोलावलं."

"कपाटाची किल्ली?"

"दाराआड टांगलेली. आमा तिघांनाच ठावं. मी, देवजी, धनाजीशेठ."

देवजी सुतार दारातच उभा होता. दुकानातली मापं त्याच्याच हातची, अस्सल मापाची हुबेहूब नक्कल.

"मी कशाला चोरू? काचेतून बघून बनवली सगळी. आत हात घालू दिला नाय कोनी. बाहेरून तशीच, आतून बाजारातली सरळ पायली."

अरविंदरावांनी मांडणीवरचं एक माप उचललं. पालथ्या रांगेत ते एकटंच उताणं होतं. "नातीला नेऊ का?" मग रुमालाला हात पुसत, "शी, चिकट! रंग ओला आहे हो."

"ओला? महिना झाला रंगवून!" देवजी भडकला.

संघमित्रानं पटकन शेजारची दोन मापं चाचपली. ठणठणीत कोरडी.

तेवढ्यात धनाजीशेठ आले. संग्रहालयाचे अध्यक्ष. मिठागर त्यांच्या आजोबांचं, मापही त्यांच्याच घरचं. "पोलीस नकोत, बाई. गावाची लाज जाईल. उद्याचं मोजणं रद्द करा, पोरांना नुसतं दुकान दाखवा."

"मापं पालथी घातलेली तुम्हाला खपत नाहीत म्हणे?"

"ज्यावर घर जगलं, ते पालथं घालू नये. आमच्यात नाय घालत."

संघमित्रा हसली. "मग ऐका. माप चोरीला गेलेलंच नाही. ते अरविंदरावांच्या हातात आहे."

"अहो, मी नाही हं!" अरविंदराव दोन पावलं मागे सरले.

"जन्मभर मीठ प्यालेलं लाकूड खाडीच्या हवेत पाझरतं. नवं पाझरत नाही. नकलांच्या रांगेत अस्सल कोण शोधणार? पण पुतळाबाई आणि देवजी मापं पालथीच घालतात. लपवणाऱ्याचा हात मात्र तेवढं करायला धजला नाही."

कुणीच धनाजीशेठकडे पाहिलं नाही.

"स्वतःच्या घरचं माप कोण लपवेल?" अरविंदरावांनी विचारलं.

संघमित्रानं ते माप मिठानं काठोकाठ भरलं आणि देवजीच्या पायलीत ओतायला घेतलं. पायली भरली. मीठ काउंटरवर सांडलं, मग जमिनीवर. थांबेचना!

"अरे, हे तर मोठं आहे!"

"मजूर भरायचे सव्वा पायली. मजुरी मात्र एका पायलीची. उद्या हे माप नि दुकानातली पायली शेजारी ठेवून मोजताना मुलांनी हेच नेमकं पकडलं असतं."

देवजीनं मान खाली घातली. त्याचा बाप त्या मिठागरावर राबला होता, पुतळाबाईची आईसुद्धा. गावातल्या म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. पण खोल्या शेठच्या. बोलावं, तर संग्रहालयच जायचं.

धनाजीशेठ खाली बसले. सांडलेलं मीठ ओंजळीनं गोळा करू लागले. ओंजळ भरली, तसे थांबले.

"उद्या पोरांना मोजू दे, पुतळा," ते म्हणाले. "माझ्या आजोबाचं माप खोटं होतं. तुझ्या आईला त्यानं जन्मभर लुबाडलं."