तेल प्यालेली बंदूक

मेलेला मोर पोत्यात गुंडाळून जीपमध्ये ठेवला, तरी वनपाल मृण्मयीचं मन थाऱ्यावर नव्हतं. पडेगावच्या शिवारात सकाळी मोर पडला, अंगात एअरगनचा छर्रा. आणि शेजारच्याच ओसरीत आप्पासाहेब जुनी एअरगन पुसत बसलेले! गुन्हेगार इतका आयता हाती लागला की तिला भलतीच शंका येऊ लागली.

राष्ट्रीय पक्ष्याची शिकार. पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याला तुरुंग दाखवायचा, तर खात्री नको?

"मी नाय मारला, बाई," आप्पासाहेब काकुळतीला आले होते. "वडलांची बंदूक ही. लई वर्षं माळ्यावर पडून व्हती. गंज काढला, लाकडी दस्ता घासला. कुठली हाय ते बी ठावं नाय."

मृण्मयी कॉलेजात एअर रायफलच्या स्पर्धा खेळलेली. तिने बंदूक उलटी केली. छाप गंजाने खाल्ला होता, पण नळीखाली एका जर्मन शब्दाची चार अक्षरं शाबूत होती.

"जर्मन आहे. स्वातंत्र्याच्या आधीची. आतला हवा दाबणारा दट्ट्या चामड्याच्या वॉशरवर चालतो."

"त्यो वॉशरच वाळून कडक झाल्ता, हवा धरत नव्हता. छर्रा नळीतच अडकायचा. म्हणून काल सांजच्याला बायकोच्या शिलाई मशीनचं तेल आत सोडलं आन् बंदूक उभी करून ठिवली. तवापासून चापाला हात लावला नाय."

"खोटं!" त्यांचा पुतण्या ऋतुराज पुढे आला. वनविभागाला फोन यानेच केला होता. "काकाला बार टाकताना या डोळ्यांनी पाहिलं, मॅडम."

"कुठून?"

"माझ्या हरभऱ्यातून. रोज मोरं हाकलाया जातो. सगळं कोंब खाऊन टाकलं त्यांनी."

"आवाज कसा झाला?"

"हवेच्या बंदुकीला आवाज असतो व्हय? नुस्तं फुट्ट झालं."

"धूर?"

"धूर कसला?"

"नक्की?"

"शपथेवर सांगतो."

आप्पासाहेबांच्या पत्नी, द्वारकाबाई, पदराने डोळे पुसत होत्या. मृण्मयी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही काय ऐकलंत?"

"मी हितंच ओसरीच्या कडेला भाकरी थापीत व्हते. मोर वरडला, तेवढंच. दुसरं काय बी नाय."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मृण्मयी ओसरीत येरझाऱ्या घालू लागली. काहीतरी टोचत होतं. अचानक तिने नळी बिजागरीवर खाली वाकवून आप्पासाहेबांच्या डबीतला छर्रा भरला आणि समोरच्या बांधावर नेम धरला.

"मागं सरका."

थाड्!

झाडावरची पाखरं उडाली. नळीतून निळसर धूर निघाला. ऋतुराजच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं बाई! ही तर फटाक्यावाणी वाजली," द्वारकाबाई ओरडल्या.

"वाजणारच," मृण्मयी म्हणाली. "आत तेल साचलं की दट्ट्याच्या दाबाने ते पेटतं. तेल सोडल्यावर पहिला बार असाच निघतो. आता बघा. तेल सोडण्याआधी या बंदुकीतून छर्रा बाहेर पडत नव्हता. तेल सोडल्यावर बार टाकला असता, तर अख्ख्या शिवाराने ऐकला असता. म्हणजे फुट्ट आवाजात मोर मारणारी बंदूक ही नव्हेच."

"मग... माझ्या ऐकण्यात चूक झाली असंल."

"नाही. ऐकलंत ते खरंच. द्वारकाबाई इथे ओसरीत होत्या, त्यांना काही ऐकू आलं नाही. तुम्हाला तिकडे हरभऱ्यात एवढासा आवाज ऐकू आला. कारण बंदूक तिथेच होती, तुमच्या हातात. कुठे आहे ती?"

ऋतुराजने शेताकडे बोट दाखवलं. "विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. नवी घेतली. नुसतं भ्या दाखवाया गेलतो, पण लई राग आला. वाटलं, काकाचं वय बघून सोडतील."

"आन् नसतं सोडलं तर?" आप्पासाहेबांनी विचारलं.



सुटलो याचा आनंद आप्पासाहेबांना झालाच नाही. बाप लहानपणीच गेलेल्या या पोराला त्यांनी खांद्यावर खेळवलं होतं. त्यांच्या काळजाला घरं पडली. ते उठले, टोपी डोक्यावर ठेवली.

"त्याच्या आईला मीच सांगतो. मनकर्णाला दुसऱ्याच्या तोंडून कळाया नको." पायरीवर ते थबकले. "बाई, एक करा. जीप तिच्या दारावरनं नेऊ नका."

मृण्मयीने ड्रायव्हरला मागच्या रस्त्याने जायला सांगितलं.