‘नारळबेटाची राणी’चं हरवलेलं रीळ

“डबा आहे, रीळ नाही!” भुकूम गावच्या हॉलमध्ये चंद्रकांतराव कपाळाला हात लावून बसले होते. “संध्याकाळी खेळ, गौतमीबाई. पन्नास वर्षांनी मुळशीकर आपला पिक्चर बघणार, आणि नेमकी ही नाट!”

खाजगी गुप्तहेर गौतमी वाळंज गंजके डबे न्याहाळत होती. तिचा मदतनीस निषाद पुरता चक्रावला होता. असला टुकार सिनेमा चोरावासा कुणाला वाटला? मुळशी धरणातल्या टेकाडावर ट्रकनं आणलेले माड रोवून म्हणे बेट उभं केलं होतं. नायक खुद्द चंद्रकांतराव.

“कोणतं रीळ गेलं?”

“डब्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच गळाल्या. सगळी लावून पाहिल्याशिवाय मलाही कळायचं नाही. ट्रंक इथल्याच रंभाबाईच्या माळ्यावर होती, काल इथं आणली. तिनं आणि नायिका नलिनीताईंनी डबे पुसले. तिसरं कुणी फिरकलं नाही.”

भिंतीवर जुना फोटो होता. पाण्यात नायिका, तोंडावर ओले केस, हात उगारलेला. फोटोतल्या हातावरचे काळे ठिपके निषादनं रुमालानं पुसले. जाईनात.

“बुरशी,” तो म्हणाला.

रंभाबाई मागच्या पायरीवर शेंगा सोलत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले.

“मी कशाला चोरू? तवा सासऱ्यानं शिनेमाच्या तंबूत जाऊ दिलं न्हाई. डोळं मिटायच्या आत एकदा बघायचाय, बाई.”

“सिनेमात तुमचं काम काय होतं?”

“त्ये न्हाई सांगायची. शब्द दिलाय.”

“सापडला चोर!” निषाद कुजबुजला. गौतमीनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

नलिनीताई पुण्याहून आल्या होत्या. बिनबाह्यांचा ब्लाउज, नितळ गोरे हात.

“एक रीळ गेलंय,” गौतमी एवढंच म्हणाली.

“अरेरे! पण खेळ थांबवू नका. मधलं पोहणं नसलं तरी गोष्ट कळते.”

गौतमीनं सगळ्यांना फोटोपुढे बोलावलं.

“निषाद, बुरशी अशी नक्षीत उगवत नाही. हे गोंदण आहे. नलिनीताईंच्या हातावर गोंदण नाही, रंभाबाईंच्या आहे. म्हणजे पोहल्या रंभाबाई. आता कोणतं रीळ गेलं हे चंद्रकांतरावांनाही ठाऊक नाही. मग त्यात पोहणं होतं, हे नलिनीताईंना कुणी सांगितलं?”

नलिनीताईंनी पर्समधून किल्ली काढली.

“गाडीच्या डिकीत आहे,” त्या म्हणाल्या. “डबे पुसताना पट्टी उजेडाला धरून ओळखली. जन्मभर सांगत आले, मुळशीचं पाणी मी कापलं म्हणून. पडद्यावर श्वास घ्यायला ती वळते, चेहरा स्पष्ट दिसतो. आणि समोर तिचंच गाव बसणार. फार लाज वाटली हो मला.”

“आवं, पवले मी, पर पिरेम तर तुमीच केलं की!” रंभाबाई हसली. चंद्रकांतरावांचे कान लाल झाले.

खेळ वेळेवर लागला. पोहणारी वळली तसा हॉलभर गलका उठला. रंभाबाई तेवढी गोंधळून बघत राहिली. आपलं तरुण रूप तिनं आरशातही धड पाहिलं नव्हतं.

“कोन वं ही पोरगी? लई देखणी हाय!”

नलिनीताईंनी तिचा हात धरला. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, “तू.”