खांबाआडचा खोकला

न्यायालयाच्या दगडी पायऱ्या चढता चढता मार्सेलिनला धाप लागली. काम एवढंच होतं, नवऱ्याला कायद्यानं मृत ठरवून घ्यायचं. गिल्दास नदीवर मासे धरायला गेला तो गेलाच. उलटलेली होडी सापडली, तो नाही. तेव्हापासून ती ना बायको होती, ना विधवा. वाट बघून बघून पार थकून गेली होती.

"जेवणाची सुट्टी झालीय, बाई. थांबावं लागेल," शिपाई म्हणाला.

धाकटी बहीण ओदिल काहीतरी खायला आणायला गेली. मार्सेलिन दालनातल्या बाकावर टेकली. माणसं पांगली, दारं मिटली. उंच छताखाली पांढऱ्या खांबांची रांग तेवढी उरली. बाहेर धुकं दाटलेलं. भरदुपारी आत तिन्हीसांजेचा उजेड. हळूहळू कुठूनसा नदीच्या गाळाचा वास यायला लागला...

पाठीमागच्या खांबाआड कुणीतरी खोकलं.

असा खोकणारा एकच माणूस तिला माहीत होता.

"मार्सेलिन... मी मेलो असं त्यांना नको सांगूस."

मान वळवायचा तिला धीर होईना. "का रे?"

"मग मी कुठं जाऊ...?"

"इतकी वर्षं कुठं होतास?" तिचा आवाज चिरकला. "अजून दाराला कडी न लावता झोपते मी, गिल्दास. आता दमले रे."

खांबाआड पाणी ठिबकत राहिलं.

सुट्टी संपल्यावर न्यायाधीशबाईंनी विचारलं, "ते परत येतील असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," मार्सेलिन म्हणाली.

निकाल लागला. गिल्दास मेला.

"सुटलीस गं बाई एकदाची!" म्हणत ओदिलनं गाडी सुरू केली. पूल ओलांडला आणि गाडी टूं टूं करायला लागली. समोर लाल दिवा लुकलुकत होता : मागच्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावलेला नाही.

"अगं, मागं तर कुणीच नाही! साधी पिशवीसुद्धा नाही..." ओदिल आरशात बघत म्हणाली.

मार्सेलिननं डोळे मिटून घेतले. वळून बघायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"पट्टा लाव," ती हळूच म्हणाली.

मागं खट्‌कन आवाज झाला. टूं टूं थांबलं.