शेवटचा डिटेक्टर

दार त्याने उघडलं आणि तिच्या खांद्यावरची शिडी बघून तो जरा मागेच सरकला.

"मामा नाही आले?"

"मामांची कंबर धरलीये. मी त्यांची भाची. माझी कंबर ठणठणीत आहे... शिडी आत आणू, की इथे दारातच बसवायचा अलार्म?"

तो हसला. हसताना त्याचा उजवा गाल तेवढा हसतो, हे तिने पहिल्याच फटक्यात टिपलं आणि मग स्वतःवरच वैतागली. कामाला आलीयेस बाई, लोकांचे गाल बघायला नाही!

काम तसं सरळ होतं. चोराचिलटांसाठीचा अलार्म त्या घरात आधीपासून होता, त्याचं पॅनेल जिन्याखाली. आता त्याच पॅनेलला धुराचे चार डिटेक्टर जोडायचे. स्वयंपाकघराबाहेर, बैठकीत, जिन्यावर आणि शेवटचा वर, त्याच्या आईंच्या खोलीत. धूर झाला की घरभर भोंगा, आणि पॅनेल आपणहून फोन लावणार. हा सगळा खटाटोप आईंसाठी. टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या या बाई रहस्यकथा हातात पडली की गॅसवर काय ठेवलंय ते साफ विसरायच्या. महिन्याभरात दोन पातेल्यांचा कोळसा झाला होता.

"एवढी राखण ठेवायला मी काय बँक आहे?" आई कडाडल्या.

"बँकेत दूध उतू जात नाही, आई," तो म्हणाला.

तो पुलांच्या जागेची मोजणी करायचा. तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं, पूलवाले. तो मात्र सरळ तोंडावरच तिला 'तारवाल्या बाई' म्हणायला लागला. म्हणू दे! तिला कुठे वाईट वाटत होतं?

तार जोडलेली नसली की हे पॅनेल सारखं टुकटुक करून डोकं उठवतं. म्हणून तिने नेहमीच्या सवयीने एक रेझिस्टर पॅनेलच्या आतच तात्पुरता अडकवला आणि त्याला गप्प केलं. मण्याएवढी वस्तू. तिची खरी जागा तारेच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या डिटेक्टरात. तिथे असली तरच पॅनेलला कळतं की तार इथून तिथवर शाबूत आहे. काम संपताना आतला काढायचा आणि त्या टोकाला दुसरा बसवायचा. हे ती झोपेतसुद्धा करू शकली असती.

दुसऱ्या दिवशी बाहेर पाऊस रिपरिपत होता आणि त्याची सुट्टी होती. ती माळ्यावर पालथी पडून तार ओढत होती, तो खालून सोडत होता.

"ओढू?"

"ओढा... हळू. हळू म्हटलं ना!"

"बरं, बाई."

तो दिसत नव्हता. पण तार सैल पडली की तो हसतोय, ताठ झाली की वर बघतोय, हे तिला बोटांत कळत होतं. आणि तिला ते फार आवडत होतं. उतरली, तर हा शिडी धरून उभा.

"सोडा की. पडत नाही ती."

"मी कुठे तिला धरलंय? तिच्याच आधाराने उभा आहे मी..."

आतून आईंनी खाकरून पुस्तकाचं पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी शेवटचा डिटेक्टर. आई खाली होत्या. ती शिडीवर बसून दुसऱ्या रेझिस्टरचे तारेसारखे पाय वाकवत होती, तेवढ्यात तो चहाचे कप घेऊन वर आला.

"हे झालं की मी सुटलो," तो म्हणाला.

"सुटलात? कशातून?"

"शनिवारी दुपारी निघतोय. मोठा पूल आहे, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. काम दोन वर्षांचं... आईला एकटं टाकून पाय निघत नव्हता. तुमच्यामुळे निघतोय."

तिचे हात थांबले. म्हणजे तीन दिवस आपण आपल्याच हाताने याची वाट मोकळी करत होतो?

"हो का..." ती म्हणाली. "छान."

छान कसलं डोंबल! पण बोलणार काय? तीन दिवसांची ओळख. तिने हातातलं खिशात टाकलं, डिटेक्टरचं झाकण फिरवलं, आणि चाचणीचा धूर फवारला. भोंगा असा कोकलला की आई कानांवर पुस्तक धरून बाहेर आल्या. त्याने टाळ्या वाजवल्या. ती पायऱ्या उतरली ती मागे न बघता.

शनिवारी सकाळी दुकानात पेन्सिलीसाठी तिने खिशात हात घातला आणि तो रेझिस्टर बोटाला टोचला. हा इथे आहे, म्हणजे शेवटच्या डिटेक्टरात काही नाही. आणि पॅनेलच्या आतला तसाच आहे!

मामा बाकावर कंबर शेकत पडले होते. "भोंगा वाजला ना? मग दुपारी जा, तो गेला की. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळतंय?"

मामांचं चूक नव्हतं. आत्ता सांगितलं तर तो तिला बेफिकीर म्हणेल. नाहीतर म्हणेल, थांबवायला आली बहाणा काढून. पण तो मागे सगळं ठीक आहे समजून निघणार, आणि ते समजणं खोटं असणार, हे तिला सोसवेना. शिवाय त्याला एकदा बघायचंही होतंच. यातलं खरं कारण कुठलं, असं कुणी विचारलं असतं तर तिने स्क्रूड्रायव्हर फेकून मारला असता.

साडेअकराला ती पोचली. दाराशी त्याची बॅग भरलेली होती. तिने एका दमात सांगून टाकलं, जिन्यावरची एक तार सोडवली आणि त्याला पॅनेलसमोर उभं केलं. हिरवा दिवा, शांत.

"बघा. तार तुटलेली आहे आणि हे म्हणतंय, सगळं ठीक. उंदराने कुरतडली असती तर आईंच्या खोलीतला डिटेक्टर मुका झाला असता, आणि कुणाला पत्ता लागला नसता. माझी चूक."

त्याचा चेहरा उतरला. तो पायरीवरच बसला.

"मग मी नाही जात," तो हळूच म्हणाला. "राहू दे तो पूल."

तिच्या काळजाने अशी उडी मारली की तिलाच लाज वाटली. नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच... आणि तो राहिला असता. इथे, या घरात, तिच्यापासून चार गल्ल्यांवर.

"जाणार तुम्ही," ती म्हणाली. "दहा मिनिटं द्या मला."

आतला रेझिस्टर काढला, खिशातला वर नेऊन शेवटच्या डिटेक्टरात बसवला, जिन्यावरची तार परत जोडली. मग शिडी त्याच्याकडे सरकवली. "आता तुम्ही तोडा. कुठलीही तार, कुठेही. मला सांगू नका."

त्याने जिन्यावर तोडली. पॅनेल लगेच टुकटुकलं. बैठकीत तोडली. टुकटुकलं. आईंच्या खोलीत तोडली, तेव्हा तर आईच ओरडल्या, "पटलं रे आता! माझा खुनी सापडायचाय अजून!"

तारा पुन्हा जोडल्या. पॅनेल शांत झालं. तो तिच्याजवळ आला.

"इतकं चोख काम करता... मग परवा लक्ष कुठे होतं?"

"तुमच्याकडे." आता लपवून काय मिळणार होतं? "शनिवारी निघतोय म्हणालात आणि माझे हातच चालेनात. मला तुम्ही आवडता. झालं. सांगून टाकलं."

"आणि मी दिवसभर शिडी धरून उभा होतो, ते काय शिडीसाठी?"

ती हसली आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"पॅनेल पहिला फोन मला लावतं ना?" तो घाईने म्हणाला. "तो नंबर काढा. दोन दिवसांच्या वाटेवरून मी काय आग विझवणार? तुमचा घाला."

"माझा? एवढी चूक होऊनही?"

"चूक सांगायला आलात, म्हणून तर. आईला तुमच्या भरवशावर ठेवून जातोय."

"आणि तुमच्या नंबरचं काय करू?"

"तो तुमच्याकडे ठेवा... त्याला धूर व्हायची वाट बघू नका."

पुन्हा हॉर्न. तो आईंच्या पाया पडला, बॅग उचलली, दारात एकदा वळला. उजवा गाल हसत होता, डावा अजिबात नाही. मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

तिने पॅनेलमध्ये आपला नंबर घातला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. आई खुर्चीत बसून कधीच्या तेच पान बघत होत्या.

"लाव की गं फोन, पोरी," त्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या. "अजून कोपऱ्यावरसुद्धा गेला नसेल."

तिने लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"...पोचलात का?" तिने विचारलं.

पलीकडे तो हसला. "कोपऱ्यापर्यंत."

"बरं," ती डोळे पुसत म्हणाली. "पुढचा कोपरा आला की सांगा."