आईचं कानाचं मशीन

डिसेंबरात अवकाळी पाऊस लागला होता. निफाडकडच्या द्राक्षांचं आता काय होणार, हीच मेन रोडवर चर्चा होती. मी मात्र मशीनची डबी पदराखाली धरून रेडिओच्या त्या दुकानात शिरले.

"कालच नेलंत ना?" काउंटरमागचा तरुण म्हणाला.

"कालच. पण ते नुसतं घरघरतं. आईला काही ऐकू येत नाही."

त्यानं मशीनच्या वायरीचं बटन आपल्या कानात बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही... नाव सांगा."

"सुमेधा."

"नाही आलं ऐकू. पुन्हा सांगा बरं."

मी पुन्हा सांगितलं. तो गालात हसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं – एवढ्या जवळून मशीन नसतानाही त्याला ऐकू आलंच असणार! मी खाली बघितलं. ओल्या पदरातून पाणी ठिबकत होतं.

तेवढ्यात गादीवरून शेठ म्हणाले, "मशीन चांगलं आहे. म्हाताऱ्या कानांना सवय व्हायला वेळ लागतो. आणि विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

त्या तरुणाचं नाव शामसुंदर. मग मी शिकवायची ती शाळा सुटली की दुकानात जायची, शेठ तेच उत्तर द्यायचे, आणि शामसुंदर मला पायरीपर्यंत सोडायला यायचा. एकदा मशीन तपासायच्या निमित्तानं तो घरीच आला. मशीन काही सुधारलं नाही, पण आईशी त्याची गट्टी जमली. तो हातवारे करून तिला गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा, आणि बाबा गेल्यापासून गप्प झालेली आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

"रोज येता," मी एकदा म्हटलं. "शेठ विचारत नाहीत?"

"विचारतात. मी सांगतो, मशीन बिघडलंय."

"आणि दुरुस्त झालं तर?"

"तर... दुसरं कारण शोधावं लागेल." मग हळूच म्हणाला, "की खरं कारण सांगू?"

मी चहा ठेवायला उठले.

खरं कारण त्यानं गोदाकाठी सांगितलं. आणि त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट सांगितली. ते मशीन आधीच एका गिऱ्हाइकानं परत केलं होतं. शेठनी खोकं बदलून ते मला दिलं.

"त्या खोक्याला दोरी मीच बांधली," तो म्हणाला. "तेव्हा तू माहीत नव्हतीस."

ग्राहकांसाठी नवा कायदा आला होता. मी ग्राहक मंचाकडे तक्रार केली, पण त्याला साक्षीला बोलावलं नाही. त्याच्या एकट्याच्या पगारावर आईवडील होते. शेठनी मात्र त्याला आपल्या बाजूनं आणलं.

सुनावणीत शेठचे वकील म्हणाले, मशीन म्हातारीच्या हातून पाण्यात पडलं. आई माझ्या शेजारीच बसली होती. तिला त्यातलं अक्षरही कळलं नाही. शामसुंदर दिसला म्हणून ती वकिलांकडे, शेठकडे, सगळ्यांकडे पाहून हसत होती.

शामसुंदर उभा राहिला. बराच वेळ तो आईकडेच बघत राहिला... आणि मग त्यानं सगळं खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. मेन रोडवर दुसऱ्या कुणीही त्याला उभं केलं नाही. मालकाविरुद्ध बोलणारा माणूस कुणाला हवा होता? शेवटी त्यानं काम शोधायला सुरतेला जायचं ठरवलं.

"माझ्या पगारात भागेल," मी म्हटलं. "आपण लग्न करू."

"तुझ्या पगारावर पाच माणसं? आणि मी घरात बसून राहू?"

"मग मी येते तुझ्याबरोबर."

"आईला कुठे ठेवशील? आणि इथली कायमची नोकरी सोडून सुरतेत काय करशील? माझीच तिथे खात्री नाही." त्यानं माझा हात धरला आणि लगेच सोडला. "माझी वाट बघू नकोस, सुमेधा."

स्टँडवर मी गेले होते. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून काहीतरी बोलला. इंजिनच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. शेठनी वर अपील केलं, तारखा पडत राहिल्या. दरम्यान शामसुंदरचं तिकडेच लग्न झाल्याचं त्याच्या मामेभावाकडून कळलं. त्या दिवशी मी वर्गात मुलांना पाढे म्हणायला सांगितले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

अखेर शेठकडून नवं मशीन आलं. मी बटन आईच्या कानात बसवलं. ती दचकली. बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो ती कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "बोल ना काहीतरी."

"आई," मी म्हटलं.

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग तिनं विचारलं, "सुमे, त्या शामसुंदरचा आवाज कसा होता गं?"

मी सांगायला तोंड उघडलं... आणि मला सांगता येईना.