या एकदा थळला

मोबाइल खिशात घाला आधी. तेजस्वी, तू पण. लाइट येईपर्यंत गोष्ट हवी ना? मग गप बसायचं. ही ऐकीव न्हाय. आपल्या नामाच्या घरातली हाय. नामा माझा लहानपणापासूनचा दोस्त. पटली न्हाय तर उद्या त्यालाच विचारा. तो सांगेल की शिव्या घालेल, ते तुमचं नशीब.

नामानं सारं आयुष्य ट्रक चालवला. त्याचा निकेत शिकला, नवी मुंबईत नोकरीला लागला. गेल्या वर्षी मे महिन्यात तो आणि त्याची बायको कल्पिता न्यूझीलंडला गेले. भाड्याची गाडी घ्यायची, वाटेल तिथं थांबायचं, वाटेल तेव्हा निघायचं. घाई कसलीच न्हाय. कल्पिताला चौथा महिना होता. लग्नानंतर आठ वर्षांनी देवानं दिलं होतं, म्हणून नामा म्हणाला, "कशाला जाता आत्ता?" पण डॉक्टरनं हो म्हटलं. मग सासऱ्याला कोण विचारतंय!

तिकडं मेमध्ये कडाक्याची थंडी. सोमवार होता, अमावास्या. कल्पिताला सकाळपासून उलट्या. आलं तोंडात धरलं की तिला बरं वाटायचं, म्हणून दोघं मुक्कामावरून आलं आणायला जवळच्या गावात गेले. जवळचं म्हणजे तासाभराच्या वाटेवर. आलं मिळालं, गरम सूप प्यायले, थोडे फिरले. परतताना चांगलाच अंधार झाला.

वाटेत तिला पुन्हा मळमळलं. निकेतनं गाडी कडेला घेतली. तिथं कुंपणाच्या तारेजवळ एक पांढरा क्रूस होता. कुणीतरी त्या वळणावर अपघातात गेलेला असणार. रस्त्यावर गेलेल्याला हात जोडल्याशिवाय पुढं जायचं न्हाय, हे नामानं पोराला शिकवलेलं. त्यानं हात जोडले. आणि निघताना, आपण इथं थळ गावात ज्याला त्याला म्हणतो ना, तेच सवयीनं बोलून गेला. "चला, येतो आम्ही. या एकदा थळला."

कल्पिता हसली. "अरे, त्याला काय बोलावतोस?"

मग ती मागं बसली. पट्टा लावला, काचेला डोकं टेकलं आणि झोपली.

आता पुढचं निकेतनं मला स्वतः सांगितलंय. गाडी नवीन होती. मागं कुणी बसलं की आरशाखाली दिवा लागायचा. पट्टा नसला तर लाल, लावला की हिरवा. एका सीटला एक दिवा. कल्पिताचा हिरवा होता.

थोडं अंतर गेलं. शेजारचा दिवा लागला.

लाल.

त्याला वाटलं, पिशवी सरकली असेल. पण पिशवी पुढं होती. त्याच्या बाजूला.

मग मागं आवाज झाला. खट्ट.

लाल दिवा हिरवा झाला.

अल्पेश, हसू नको. तुझ्या बायकोच्या बाजूला कुणी बसलं असतं तर हसला असतास? निकेतला आरशात बघायचा धीर होईना. तिला हाक मारावी, तर ती दचकणार. पोटात बाळ. थांबावं, तर आजूबाजूला एक घर न्हाय. हीटर चालू, तरी त्याच्या तोंडातून वाफ निघायला लागली...

तेवढ्यात थोडी रेंज आली. त्यानं बापाला फोन लावला. तिकडं रात्रीचे नऊ, इथं दुपारचे अडीच. नामा जेवून ओटीवर झोपाळ्यावर बसला होता. मी समोर खुर्चीत. नामाला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"आबा..." निकेत कुजबुजत होता. "मागं कुणीतरी बसलंय. कल्पिताच्या बाजूला."

नामा हसला न्हाय. "वाटंत कुनाला बोलावलंस?"

पोरानं सगळं सांगितलं.

"मंग आता हाकलू नको. पावना हाय. इचार, कुठं उतरायचंय."

निकेतनं विचारलं. मराठीतच.

नुसता इंजिनाचा आवाज...

मग कल्पिता बोलली. झोपेत. आवाज तिचा न्हवता.

"थळ..."

माझ्या हातातला तांब्या निसटला. नामा उठून उभा राहिला. तोंडाशी फोन धरून मोठ्यानं म्हणाला, "या. बोलावलंय तर या. पन पोरीच्या शेजारनं उठा. ती दोन जिवांची हाय. हितं माझ्या बाजूला जागा हाय."

"नामा, काय बोलतोस हे!" मी ओरडलो. त्यानं हातानंच गप केलं.

फोनमध्ये खट्ट.

"आबा, दिवा गेला," निकेत रडायला लागला. "एकच हाय आता. एकच."

आणि फोन कटला.

नामा झोपाळ्यावर बसला. एका कडेला, बाजूला जागा सोडून. माझ्याकडं बघत होता. त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले होते.

झोपाळा हलला.

कल्पिताला यातलं काही आठवत न्हाय. मुलगी झाली, सुखरूप. बारशाला तुम्ही सगळे जेवलात. नामा ठणठणीत हाय. मला त्याचा अभिमान वाटतो आणि त्याच्या घरी जायला भीतीही वाटते, खरं सांगतो.

कारण त्या दुपारी मी त्या मोकळ्या फळीवर हात ठेवून बघितला. वर पत्रा तापलेला. माझ्या अंगातून घामाच्या धारा. आणि फळीवर बर्फ... पांढरा, खरखरीत. एक माणूस बसेल, बरोबर तेवढ्याच जागेवर.