उणे एकशे शहाण्णव

अनिमेष दाराच्या आत पालथा पडला होता आणि टेबलावरचा त्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता.

फौजदार कहकशां काझींनी क्लासमागची ती खोली पाहिली. आठ बाय दहा, खिडकी नाही, एसी सुरू. उघड्या कॉम्प्युटरवर तांब्याचं एक भांडं बसवलेलं. फरशीवर ॲल्युमिनियमचा मोठा कॅन आडवा, रिकामा. विषाची बाटली नाही, चिठ्ठी नाही. जखम म्हणावी तर उजव्या मुठीची साल गेलेली.

लातूरचे लोक अशा वेळी कारण शोधत बसत नाहीत, थेट निकाल लावतात. सीईटीत दोनदा मार्क कमी पडलेलं पोरगं, शिकलं त्याच क्लासचे कॉम्प्युटर सांभाळत बसलेलं. त्यानं दुसरं काय केलं असणार?

क्लासचे मालक अमृतरावही तेच म्हणाले. "लई निराश होता मॅडम. किती समजावलं."

"दार?"

"नुसतं लोटलेलं होतं. कडी बाहेरूनच हाय त्याला. चारला मी ढकलून बघितलं."

"हाताला काय झालंय?"

"त्या थंड भांड्यानं भाजायचं त्याला."

"दुपारी तुम्ही कुठं होता?"

"पालक आलते. त्यांना क्लास दाखवून राहिलो होतो."

कॅन जनावरांच्या दवाखान्यातला निघाला. तिथं गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करणाऱ्या गुरुलिंगला बोलावलं. तो उभाच राहिला, बसला नाही.

"कॅन तुमचा?"

"हाव. द्रव नायट्रोजन असतंय त्यात. उणे एकशे शहाण्णव. वळूचं वीर्य त्यातच गोठवून ठेवतो आमी. हा जादा होता. पोरानं लई आर्जवं केली."

"कॉम्प्युटरला कशाला ते?"

"प्रोसेसर जास्त पळवला की तापतंय. त्याच्यावर हे ओतत राहिलं की दुप्पट पळतंय म्हणला. पाच मिनिटं. नंतर दव धरून बोर्ड जळतोय."

"मग उपयोग काय?"

"कायबी न्हाई. नेटवर जगातल्या पोरांची यादी असती म्हणं, कुनाचा किती पळतो त्याची. तिच्यात नाव लागतंय."

यादीत नाव लागायचं वेड या गावात क्लासवालेच लावतात. एका यादीनं टाकलं, पोरगं दुसरी शोधत होतं. कहकशांना त्याचा राग आला नाही, कीवही आली नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"जीव जातो त्यानं?"

"बंद खोलीत सांडलं तर जातो. वास न्हाई, ठसका न्हाई, हवाच संपती. म्हणून बजावलं होतं, दार उघडं ठेव. तर हसला. म्हणला, मामा, मी कधी दार लावतो का?"

संध्याकाळी अहमदपूरहून त्याची आई आली. लताबाई, प्राथमिक शाळेत शिक्षिका. रडल्या नाहीत. "त्यानं स्वतःहून केलं का, एवढंच मला सांगा," त्या म्हणाल्या.

"घरी दार लावायचा का तो?"

"कधीच नाही. भूकंपात चौकट दबली, दार उघडलंच नाही, त्याचे वडील आतच गेले. हा चार वर्षांचा होता, बाहेरून ऐकत होता. सतरा वर्षं झाली, आमच्याकडं कुणी दार लावत नाही."

मग ते कुणी लावलं? मरायला बसलेल्या माणसानं, की दुसऱ्यानं?

सकाळी उदगीरचे सिद्रामप्पा लेकीला घेऊन प्रवेशासाठी आले. कहकशांनी त्यांना क्लासच्या दारातच गाठलं.

"आधी पाहून गेला होतात?"

"कालच. बघितलं नुसतं. अमावास्येला कोन नाव घालतंय म्याडम?"

"मागची खोली पाहिली?"

"न्हाई. तिकडं सुतारकाम चालू हाय म्हणले सर. ठोकून राहिला होता की कोनतर. लेकीला म्हणलं, क्लास वाढून राहिला."

कहकशांनी लताबाईंसह सगळ्यांना क्लासच्या ऑफिसात बसवलं.

"अमृतराव, तुमचा सुतार कोण?"

अमृतरावांनी टेबलावरची पावतीपुस्तकं सरळ केली.

"आपल्याकडं सुतार अमावास्येला हत्याराला हात लावत नाही. मग काल ठोकत कोण होतं?"

पंखा फिरत होता. कहकशां सरळ आवाजात सांगत गेल्या. अनिमेषनं दार उघडं ठेवूनच काम सुरू केलं. पांढरं धुकं व्हरांड्यात आलं आणि तेवढ्यात पालक आले. त्यांना ते दिसू नये म्हणून अमृतरावांनी दार ओढून बाहेरून कडी घातली. कडीच्या आवाजानं आत तो दचकला, धक्क्यानं कॅन कलंडला. काय सांडलंय हे पोराला माहीत होतं, म्हणून तो दाराशी धावला. मुठीची साल भांड्यानं गेली नव्हती, दारानं गेली होती. आवाज थांबल्यावर, पालक गेल्यावर, कडी निघाली.

"मला काय माहीत ते असं असतंय?" अमृतराव म्हणाले. "वाटलं, चिडून ठोकतोय. मग गप झाला. वाटलं, बसला असंल."

"आणि मेलेला दिसल्यावर निराश होता म्हणालात."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण अमृतरावांत बोंब मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

"बाई," कहकशां म्हणाल्या, "त्याला बाहेर यायचं होतं."

लताबाईंनी मान हलवली. मग अमृतरावांकडं वळून विचारलं, "ठोकताना काही म्हणत होता का?"



"सर म्हणत होता."

"आणखी?"

"नुसतं सर, सर."

लताबाईंनी ऐकून घेतलं. बावीस वर्षं त्या शिकवत होत्या. वर्गात कुणी बाई म्हणून हाक मारली की हातातलं काम टाकून त्या आधी त्या पोराकडं जायच्या.